स्वमग्न बालकांची भाषा आणि शिक्षकाचे कर्तव्य

नांदगाव हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील गाव. मनमाड जंक्शनही याच तालुक्यात असल्यामुळे येथील मुलांच्या कानांवर गाड्यांची धडधड व स्थानकावरील घोषणा अगदी लहानपणापासून पडत असतात. अशा गावातील एखाद्या प्राथमिक शाळेचा पहिलीचा वर्ग शिक्षकांनी डोळ्यांसमोर आणावा. वर्गात सात वर्षांचा एक मुलगा आहे. हाक मारली तर तो पाहत नाही. प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही. मात्र पाठ ऐन रंगात आला असता तो एकाएकी मोठ्याने म्हणतो, "यात्रीगण कृपया ध्यान दें!" सारा वर्ग हसतो. बाई पहिल्या दिवशी समजावतात, दुसऱ्या दिवशी रागावतात, तिसऱ्या दिवशी त्याला बाहेर उभे करतात. पुढे आईला बोलावून सांगण्यात येते, "याला काही कळत नाही. याला तुम्ही घरीच ठेवा." पुष्कळ वेळा अशा मुलाचे शिक्षण येथेच संपते.

आता त्याच वर्गावर दुसऱ्या बाई आहेत, असे समजावे. त्या रागावत नाहीत. आठ दिवस त्या वहीत एवढेच टिपून ठेवतात की, मुलगा हे वाक्य केव्हा म्हणतो, त्यापूर्वी काय घडलेले असते आणि नंतर तो काय करतो. आठव्या दिवशी वही पाहता असे दिसते की, हे वाक्य बहुधा मधल्या सुट्टीच्या आधी येते. चौथीतील मुलगा घंटेकडे जाताना खिडकीतून दिसला की हे वाक्य निघते. आणि ते म्हणून होताच मुलगा दोन्ही हातांनी कान झाकून घेतो. आईस विचारले असता ती सांगते, "बाई, मामाच्या गावाला जाताना आम्ही टेशनावर बसतो ना, तिथं ते बोलणं झालं की गाडी येते. गाडीच्या आवाजाला फार भितो हो तो." येथे अर्थ उलगडतो. घोषणेमागून गाडीचा प्रचंड आवाज येतो, एवढे त्या मुलाने अनुभवाने जाणले आहे. "आता मोठा आवाज होणार आहे आणि मला त्याची भीती वाटते," हे सांगण्यास त्याच्यापाशी तेच एक वाक्य आहे. ज्याला काही कळत नाही असे ठरवले होते, तो मुलगा रोज स्पष्ट शब्दांत मदत मागत होता.

हा प्रसंग उदाहरणादाखल कल्पिलेला आहे. परंतु त्यातील तत्त्व कल्पित नव्हे. स्वमग्न बालकाच्या बोलण्याकडे, तसेच न बोलण्याकडेही, कसे पाहावे याविषयी गेल्या काही दशकांत जाणकारांचे मत पुष्कळ पालटले आहे. ते खेड्यातील शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण अशा बालकाच्या आयुष्यात घराबाहेरचा पहिला श्रोता बहुधा तोच असतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीतील 'ऑटिझम' या शब्दास मराठीत 'स्वमग्नता' असे म्हणतात. बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून या अवस्थेचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील हान्स आस्परगर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले.

'स्वमग्न' हे नाव रूढ असले तरी काहीसे फसवे आहे. मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्यास जगाशी कर्तव्य नाही, असा समज त्यावरून होतो. वस्तुतः पुष्कळ स्वमग्न बालकांच्या बाबतीत उलट घडते. पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातील पाढे, पत्र्यावरील पाऊस हे सारे त्यांच्यावर एकाच वेळी आदळते, आणि त्यांतून शिक्षकाचा शब्द वेचून काढणे त्यांस कठीण जाते. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीतील जन्मापासूनची भिन्नता आहे. ती आईच्या दुर्लक्षाने येत नाही, लस टोचल्याने येत नाही, करणीने तर नाहीच नाही. ती सर्व मुलांत सारख्या स्वरूपात दिसत नाही. एक मूल अस्खलित बोलते, पण गप्पांत सहभागी होऊ शकत नाही. दुसरे पाठ केलेली वाक्येच बोलते. तिसरे मुळीच बोलत नाही. मुलींच्या बाबतीत तर 'शांत व लाजाळू आहे' एवढे म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षे नजरेआड राहते.

मनुष्यांच्या मेंदूंची घडण मुळातच नाना प्रकारची असते, हा विचार १९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्याच आपसांतील चर्चेतून पुढे आला. ऑस्ट्रेलियातील जूडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात त्याची मांडणी केली. त्यास 'मेंदूविविधता' म्हणता येईल. एकाच शिवारात काळी जमीन असते आणि मुरमाडही असते. मुरमाड जमीन म्हणजे आजारी पडलेली काळी जमीन, असे कोणी शेतकरी मानत नाही. तो तिचा पोत ओळखून पेरणी करतो. मात्र जमिनीचा पोत ओळखला म्हणून पाण्याची अडचण नाहीशी होत नाही. तद्वत् भिन्नता मान्य केली म्हणून बालकाची अडचण संपत नाही. त्यास साहाय्य लागतेच. म्हणूनच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मानलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचाही समावेश आहे. प्रश्न एवढाच की, साहाय्य कशासाठी द्यावयाचे? मूल इतरांसारखे दिसावे म्हणून, की त्यास आपले म्हणणे पोहोचविता यावे म्हणून?

पुनरुक्तीचा अर्थ

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणणे, मग ते लगेच असो वा दिवसांनी, महिन्यांनी असो, ही स्वमग्न बालकांच्या बोलण्यातील सर्वांत ठळक खूण आहे. त्यातील अर्थाची जाणीवही जुनीच आहे. १९४६ साली डॉ. कॅनर यांनी एका मुलाची हकीकत दिली. तो पातेल्यासारखे भांडे दिसले की एका इंग्रजी बडबडगीतातील दोन शब्द म्हणे. ऐकणाऱ्यास ते निरर्थक वाटत. चौकशी करता कळले की, मुलगा दोन वर्षांचा असताना आई स्वयंपाकघरात काम करीत ते गाणे त्यास म्हणून दाखवीत होती आणि तिच्या हातून पातेले खाली पडले होते. गाणे आणि पातेले यांची गाठ त्या क्षणी जी बसली, ती कायमची. शब्द निरर्थक नव्हते. त्यांचा उगम ऐकणाऱ्यास ठाऊक नव्हता, इतकेच.

हे ठाऊक असूनही पुढील काळात उपचारांचा ओघ दुसऱ्या दिशेने वळला. १९६० च्या दशकात अमेरिकेत लोवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी बक्षीस आणि शिक्षा यांच्या बळावर अशा मुलांचे वर्तन घडविण्याचे प्रयोग केले. त्यांत चापट मारणे व विजेचा धक्का देणे यांचाही वापर झाला. पुनरुक्ती ही खोड समजून ती मोडावयाची, अशी तेव्हाची दृष्टी होती. १९८१ साली प्रिझंट व डकन यांनी मुलांच्या लगेच होणाऱ्या पुनरुक्तीची तपासणी करून तिचे ७ प्रकारचे उपयोग दाखविले. १९८४ साली प्रिझंट व रायडेल यांनी उशिराने होणाऱ्या पुनरुक्तीचे १४ उपयोग नोंदविले. मागणे, नकार देणे, होकार देणे, लक्ष वेधणे, स्वतःच स्वतःस धीर देणे या साऱ्या कामांसाठी मुले तीच वाक्ये वापरीत होती.

काही मुले भाषा सुट्या शब्दांनी न शिकता अखंड वाक्यांनी शिकतात, असे भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅन पीटर्स यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले. मराठीत याची लक्षणे चटकन ओळखता येतात. 'तुला पाणी पाहिजे का?' असे आई विचारते आणि पाणी मिळते. म्हणून मुलास तहान लागली की ते म्हणते, 'तुला पाणी पाहिजे का?' आई 'मी येते हं' असे म्हणून बाहेर पडते. म्हणून मुलगा असूनही तोही 'मी येते हं' असेच म्हणतो. वर्ग हसतो, परंतु यात चूक झालेली नाही. वाक्य अखंड उचलले गेले आहे. पुढे अशी वाक्ये तुटून त्यांचे तुकडे नव्याने जोडले जाऊ शकतात. या वाटचालीच्या ठराविक पायऱ्या सांगणाऱ्या पद्धतीही निघाल्या आहेत. त्यांची शास्त्रीय परीक्षा अद्याप पुरेशी झालेली नसल्याने शिक्षकाने त्या काटेकोर नियम म्हणून मानू नयेत. मुलाचे वाक्य अर्थपूर्ण आहे असे धरून चालणे, एवढे सूत्र मात्र हाताशी ठेवावे.

दोष एकाच बाजूचा नव्हे

स्वमग्न व्यक्तीस दुसऱ्याचे मन कळत नाही, असे पूर्वी सरसकट मानले जाई. स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली निराळा मुद्दा मांडला. समजण्यातील अडचण दुहेरी असते: स्वमग्न व्यक्तीस इतरांचे मन जसे कळत नाही, तसेच इतरांनाही तिचे मन कळत नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने यास दुजोरा दिला. हा प्रयोग मुलांच्या कानगोष्टींच्या खेळासारखाच होता. आठ-आठ प्रौढांच्या साखळ्या करून पहिल्यास एक गोष्ट सांगितली. त्याने ती दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास सांगावयाची. काही साखळ्या केवळ स्वमग्न व्यक्तींच्या, काही इतरांच्या, तर काही मिश्र होत्या. स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळ्यांत मात्र तिचा तपशील अधिक गळाला. वर्गातील संवाद हा असाच मिश्र साखळीचा असतो. म्हणून पूल बांधण्याचे सारे ओझे सात वर्षांच्या मुलावर टाकणे न्याय्य नाही; अर्धा पूल मोठ्या माणसाने बांधावयाचा आहे.

वर्गात करावयाच्या गोष्टी

(१) नोंद ठेवावी. वहीत चार रकाने आखावेत: मुलाने काय म्हटले किंवा केले, केव्हा, त्याआधी काय घडले, नंतर काय झाले. आठ-दहा दिवसांच्या नोंदी आईवडिलांसमवेत वाचाव्यात. वाक्याचे मूळ बहुधा घरी सापडते: दूरदर्शनवरील जाहिरात, आजीची अंगाई, बाजारातील आरोळी.

(२) अर्थ ओळखून मुलाच्या बाजूने वाक्य बोलावे. वरील उदाहरणातील बाईंनी 'गप्प बस' न म्हणता शांतपणे म्हणावे, "घंटा होणार आहे. मला आवाज नको." आणि घंटेपूर्वी मुलास व्हरांड्याच्या दूरच्या टोकास जाऊ द्यावे. 'म्हण, मला आवाज नको' अशी सक्ती करू नये. रोज तोच प्रसंग, तेच वाक्य आणि तीच मदत यांची सांगड पडली की एखाद्या दिवशी मूल ते वाक्य उचलील. न उचलले तरी त्याची भीती ओळखली गेली, हे काही थोडे नव्हे. पाणी, खाऊ वा लघवीस जाणे ही गोष्ट 'आधी नीट बोल, मग मिळेल' असे म्हणून कदापि अडवू नये. भाषा ही तहानेची किंमत म्हणून वसूल करावयाची वस्तू नव्हे.

(३) प्रश्न कमी करावेत, थांबणे वाढवावे. 'हे काय? ते काय? याचा रंग कोणता?' हा मारा परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी जे चालले आहे ते सोप्या वाक्यांत बोलून दाखवावे. काही विचारलेच तर मनात दहा अंक मोजावेत. उत्तर पुष्कळदा सातव्या-आठव्या अंकाला येते, आणि तोवर आपण दुसरा प्रश्न विचारून मोकळे झालेले असतो.

(४) डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये. दुसऱ्याच्या नजरेस नजर देणे अनेक स्वमग्न व्यक्तींस क्लेशकारक होते. मान वळवून त्या अधिक चांगले ऐकू शकतात. हात हलविणे, झुलणे यांमुळे कोणास इजा होत नसेल तर ते थांबवू नये. मन स्थिर ठेवण्याचा तो त्यांचा उपाय असतो.

(५) 'नको' म्हणण्यास शिकवावे आणि त्या 'नको'ला मान द्यावा. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होय. जे मूल सांगेल तसे निमूट करते ते 'सुधारले' असे आपण समजतो. परंतु ज्यास नकार देता येत नाही, 'पोट दुखते' सांगता येत नाही, 'त्याने मला मारले' सांगता येत नाही, असे मूल दुखण्यात एकटे पडते आणि दुष्ट माणसाच्या हाती सहज सापडते. शब्दाने, मानेने, हाताने वा चित्राने, कसेही दर्शविलेले 'नको' हे भाषेतील मोठे यश समजावे. औषध घेणे किंवा रस्त्यावर हात धरणे अशा अटळ गोष्टींत नकार मान्य करता आला नाही, तरी 'तुला नको आहे, हे मला कळले' एवढे तरी बोलून दाखवावे.

(६) दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा: प्रार्थना, वाचन, घंटा, जेवण, खेळ, घर. पुढे काय होणार हे कळले की अर्धी भीती ओसरते.

(७) वर्गातील इतर मुलांना मोकळेपणी सांगावे की, हा आपल्यापेक्षा निराळ्या रीतीने बोलतो. त्याचे बोलणे ओळखण्यात आपण त्यास मदत करू. मुले हे काम मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

जे मूल बोलत नाही

स्वमग्न बालकांपैकी सुमारे चारांतील एकाची बोलण्याची भाषा अत्यल्पच राहते. अशा मुलासाठी चित्रफलक तयार करावा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाणी, जेवण, लघवी, दुखते, मदत, आणखी, नको, घरी अशी आठ-दहा चित्रे चिकटवून खाली शब्द लिहावा. शिक्षकाने बोलताना स्वतः त्या चित्रावर बोट ठेवीत जावे, म्हणजे फलक कसा वापरावा हे मूल पाहून शिकते. फलक कपाटात ठेवू नये. तो मुलाची जीभ आहे. मुलाचा हात आपल्या हातात धरून चित्रावर नेऊ नये; तसे केल्यास ते म्हणणे मुलाचे न राहता आपले होते.

'चित्रांची सवय लागली तर हा कधीच बोलणार नाही,' ही पालकांची शंका स्वाभाविक आहे, परंतु निराधार आहे. २००८ साली या विषयावरील अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा चित्रे व खुणा यांमुळे बोलणे मागे पडल्याचे दिसले नाही. काही मुलांत ते थोडे वाढलेच. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले 'जेलो' हे चित्रभाषेचे साधन मोबाइलवर विनामूल्य मिळते आणि ते मराठीतही चालते. तथापि पुठ्ठ्याच्या फलकाने सुरुवात करण्यास कशाचीच अडचण नाही.

घरची बोली

नांदगाव तालुक्यात कित्येक घरी अहिराणी बोलतात, तांड्यांवर बंजारा बोली चालते आणि शाळेत ग्रंथांची मराठी. 'मूल आधीच बोलत नाही. त्यात दोन भाषा नकोत, घरीही शुद्ध मराठीच बोला,' असा सल्ला पालकांस पुष्कळदा मिळतो. तो देऊ नये. दोन भाषांमुळे स्वमग्न बालकाची वाढ खुंटते असे संशोधनात आढळलेले नाही. उलट घरची बोली सोडावयास लावली की आजी-आजोबा त्याच्याशी बोलेनासे होतात, आई अडखळत बोलू लागते, आणि ज्याला संवादाची अधिक गरज त्याच्याच वाट्यास तो कमी येतो. शिक्षकाने बालकाच्या बोलीतील पाच-दहा शब्द स्वतः शिकून घ्यावेत व चित्रफलकाखाली तेही लिहावेत.

शिक्षकाने काय करू नये आणि कोठे पाठवावे

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मूल प्रतिसाद देत नसेल तर प्रथम त्याची श्रवणचाचणी करून घेण्यास पालकांस सांगावे, कारण बहिरेपणाही असाच दिसू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाली. त्यातील तपासणी पथक शाळेत येते, त्या दिवशी अशा मुलाचे नाव व आपली नोंदवही पुढे ठेवावी. तेथून त्यास जिल्ह्याच्या प्रारंभिक हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन घ्यावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा व श्रवण यांची तपासणी होते. तज्ज्ञाची भेट महिन्या-दोन महिन्यांनी होईल. शाळा मात्र रोज भरते. म्हणून तज्ज्ञाने सांगितलेले उपाय रोजच्या वर्गात उतरले तरच फळतात.

'पूर्ण बरे करून देतो' असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून पालकांस सावध करावे. मारणे व अपमान करणे हे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये कोणत्याही बालकाच्या बाबतीत निषिद्ध आहे. तसेच २०१६ च्या कायद्यान्वये ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ या वयात विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा 'याला घरीच ठेवा' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शाळेस नाही.

समारोप

एका वर्गावर चाळीस मुले असताना एकाच्या बोलण्याची वही कोठून ठेवावयाची, असे शिक्षक म्हणतील. आणि त्यात तथ्यही आहे. परंतु दिवसाकाठी वहीत दोन-तीन ओळी लिहिणे एवढाच हा व्याप आहे. तेवढ्याने मुलगा इतरांसारखा बोलू लागेलच असे नाही. घंटा होण्यापूर्वी तो कदाचित अजूनही म्हणेल, "यात्रीगण कृपया ध्यान दें!" मात्र या वेळी वर्ग हसणार नाही. त्याच्या शेजारचा मुलगा उठून म्हणेल, "बाई, घंटा होणार आहे, याला व्हरांड्यात नेऊ का?" त्या घोषणेतील शब्द मुलाने अक्षरशः खरे केले, असे तेव्हा म्हणता येईल. त्याने लक्ष द्यावयास सांगितले होते आणि अखेर कोणीतरी लक्ष दिले.